पलंगाच्या मध्याचा इतिहास

१/ पलंग घेताना बहुतेक घरांत चर्चा होते ती लाकडाची, उशाकडच्या नक्षीची, खालच्या कप्प्यांची आणि किमतीची. सहा फूट रुंदीच्या त्या चौकटीचा मधला भाग नेमका कशावर टेकणार आहे, हे क्वचितच कोणी विचारते. वास्तविक रुंद पलंगाचा सारा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे, आणि त्याचे उत्तर चुकले की भोगावे लागते ते झोपणाऱ्याच्या पाठीला. हा धागा त्या दुर्लक्षित मध्याविषयी.

२/ आरंभी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: प्राचीन जगातला पलंग अरुंद होता. इजिप्तमधील देर अल्-मदिना येथे १९०६ साली एर्नेस्तो स्कियापारेल्ली याला खा आणि मेरित या दांपत्याची कबर अभंग अवस्थेत सापडली. खा हा राजाच्या बांधकामांवरचा अधिकारी. सुमारे ३४०० वर्षांपूर्वीच्या त्या संसारात नवऱ्याचा पलंग वेगळा आणि बायकोचा वेगळा. दोन्ही आज इटलीतील तुरीनच्या संग्रहालयात आहेत. लाकडी चौकट, खाली पाय, वर दोरांचे विणकाम, आणि रुंदी एका माणसापुरती.

३/ ही रुंदी योगायोगाने ठरलेली नव्हती. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेला, पण बहुधा त्याच्या परंपरेतील कुणा शिष्याने लिहिलेला यंत्रशास्त्रावरचा एक ग्रीक ग्रंथ आहे. तराजू, तरफ, नौकेचे सुकाणू अशा गोष्टींबद्दल त्यात एकेक प्रश्न घेऊन उत्तर शोधले आहे. त्यांतला एक प्रश्न चक्क पलंगाचा आहे. पलंगाची लांबी रुंदीच्या दुप्पट का ठेवतात, म्हणजे एक बाजू सहा फुटांची आणि दुसरी तीन फुटांची का? आणि त्याचे दोर कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरके का ओढत नाहीत?

४/ ग्रंथकाराचे पहिले उत्तर साधे आहे: माणसाच्या देहाला तेवढी जागा पुरते. दुसरे उत्तर अधिक रोचक आहे. दोर कोपऱ्याकोपऱ्यांतून ओढले तर चौकटीच्या लाकडावर अधिक ताण येतो आणि दोरही अधिक लागतो. दोरावर निजणाऱ्याचे वजन शेवटी चौकटीवरच येते, हे त्याने ओळखले होते. पलंगाचा विचार गादीपासून नव्हे तर चौकटीपासून सुरू करणारा हा बहुधा सर्वांत जुना उपलब्ध मजकूर असावा.

५/ भारतीय परंपरेतही पलंगाचे विणकाम फार जुने आहे. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्यासाठी आणलेल्या आसंदीचे वर्णन येते. तिचे लांबीच्या दिशेने जाणारे तंतू म्हणजे ऋचा, आणि आडवे तंतू म्हणजे यजुस्‌मंत्र, असे रूपक तिथे योजले आहे. कौषीतकी उपनिषदातील ब्रह्मलोकीच्या पर्यंकाचे वर्णनही याच धाटणीचे आहे. रूपक कळावे म्हणून ऐकणाऱ्याला उभे-आडवे ताण ठाऊक असावे लागतात. अर्थात विणलेली बैठक त्या काळी सर्वांच्या नजरेखालची होती.

६/ प्रत्यक्ष मापे मिळतात ती सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत. ‘शय्यासनलक्षण’ या अध्यायात पलंगाला कोणते लाकूड चालते, कोणते चालत नाही, आणि कोणाचा पलंग केवढा असावा हे सांगितले आहे. टरफल काढलेले जवाचे आठ दाणे शेजारी शेजारी ठेवले की एक अंगुळ. राजाची शय्या १०० अंगुळे लांब, राजपुत्राची ९०, मंत्र्याची ८४, सेनापतीची ७८ आणि पुरोहिताची ७२.

७/ रुंदीचा नियम विश्वकर्म्याच्या नावाने दिला आहे: लांबीचा अर्धा भाग घ्यावा आणि त्यातून त्याचा अष्टमांश वजा करावा. म्हणजे राजाच्या १०० अंगुळे लांब पलंगाची रुंदी जेमतेम ४४ अंगुळे. अंगुळ सुमारे पाऊण इंचाचे धरले तर हा राजपलंग साधारण सव्वासहा फूट लांब आणि पावणेतीन फूट रुंद भरतो. ज्याच्या महालात जागेला किंवा लाकडाला तोटा नव्हता, त्याची शय्याही आजच्या एका माणसाच्या पलंगाएवढीच होती.

८/ १३३३ मध्ये सिंधूकाठी पोहोचलेल्या इब्न बतूता या मोरोक्कन प्रवाशालाही इथल्या खाटेचे नवल वाटले. भारतातल्या खाटा इतक्या हलक्या असतात की एकटा माणूस त्या उचलून नेऊ शकतो, आणि प्रवासाला निघालेला प्रत्येक जण आपली खाट बरोबर नेतो, असे त्याने नोंदवले आहे. चार पाय, चार आडवी लाकडे आणि त्यावर रेशमाचे वा सुताचे विणकाम, एवढीच तिची रचना. हे विणकाम स्वतःच लवचिक असल्याने मऊपणासाठी आणखी काही लागत नाही, हे निरीक्षणही त्याचेच.

९/ महाराष्ट्रातील बाज याच कुळातली. काथ्याची किंवा सुंभाची वीण, आणि थोड्या सुखवस्तू घरांत नवारीचा पलंग. विणीतून हवा खेळते. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून शेक देण्याची रीत या विणीमुळेच शक्य झाली. मात्र बाज वापरणाऱ्या प्रत्येकाला तिचा दोषही ठाऊक असे. काही महिन्यांत मध्ये झोळी पडते, आणि मग पायथ्याकडची दोरी आवळून ती पुन्हा ताणून घ्यावी लागते.

१०/ या वस्तूंची नावेही दूरवर फिरली आहेत. संस्कृत ‘पर्यंक’ प्राकृतातून उतरत मराठीत ‘पलंग’ झाला, आणि ‘पालखी’ हा शब्दही त्याच घराण्यातला. संस्कृत ‘खट्वा’पासून आलेली ‘खाट’ सतराव्या शतकात इंग्रजांनी उचलली आणि तिची ‘कॉट’ केली. पुढे वसतिगृहांत, इस्पितळांत आणि चाळींत लोखंडी ‘कॉट’ आली, तेव्हा आपलाच शब्द परदेश हिंडून, वेष पालटून घरी परतला होता.

११/ तर मग पलंग इतकी शतके अरुंद का राहिला? याचे मोठे कारण दोराच्या स्वभावात आहे. दोन टोकांना बांधलेल्या दोराच्या मध्यावर वजन ठेवले की दोर खाली झुकतो आणि दोन्ही टोकांना आत खेचतो. जितका कमी झोल हवा, तितकी ही आतली ओढ जास्त. रुंदी दुप्पट केली आणि झोल मात्र पूर्वीएवढाच हवा असेल, तर त्याच वजनाला चौकटीवरची ओढ दुप्पट होते. सोसवली नाही तर चौकट आत वाकते. दोर सैल सोडला तर झोळी पडते.

१२/ म्हणून जिथे रुंद निजायची जागा खरोखरच हवी होती, तिथे माणसाने पलंगाचा नाद सोडून जमिनीचा आधार घेतला. उत्तर चीनमधील ‘कांग’ हा विटांचा ओटा असतो. चुलीची ऊब त्याच्या पोटातून फिरते आणि सारे कुटुंब त्यावर ओळीने निजते. आपल्याकडे माजघरात जाजम किंवा सतरंजी पसरून दहा माणसे शेजारी शेजारी निजत. जमिनीला मध्य आणि कड असा भेद नसतो. ती सर्वत्र सारखीच टेकू देते. अरुंद बाज आणि रुंद जमीन या दोहोंच्या मधली वस्तू घडवणे हेच अवघड होते.

१३/ युरोपातील श्रीमंतांनी ती घडवली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात १९३१ पासून असलेला ‘ग्रेट बेड ऑफ वेअर’ हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. सुमारे १५९० मध्ये घडवलेला हा ओक लाकडाचा पलंग ३ मीटर २६ सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे जवळपास पावणेअकरा फूट. हर्टफर्डशायरमधील वेअर गावच्या खानावळींत प्रवाशांचे ते आकर्षण होते. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकात त्याचा उल्लेख येतो. २६ खाटीक आणि त्यांच्या बायका त्यावर एका रात्री निजल्या, ही कथा मात्र आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

१४/ त्या काळच्या इंग्रजी पलंगांत चौकटीच्या भोकांतून दोर ओवत, त्यावर गवती चटई टाकत, आणि वर पेंढ्याची, लोकरीची, पिसांची अशा एकावर एक गाद्या रचत. झोल नाहीसा होत नसे. थरांखाली झाकला जाई. सैल झालेले दोर आवळण्यासाठी पुढे लाकडी किल्ली वापरात आली. इंग्रजीतील ‘स्लीप टाइट’ ही शुभेच्छा या दोरांवरून आली अशी एक लोकप्रिय समजूत आहे. ती खरी नाही. तिथे ‘टाइट’ म्हणजे ‘गाढ’, एवढाच अर्थ आहे.

१५/ मोठी वस्तू म्हणजे लहान वस्तूचीच वाढवलेली प्रत नव्हे, हे सूत्ररूपाने मांडले ते गॅलिलिओने. १६३८ मध्ये लायडन येथे त्याचा ‘दोन नव्या शास्त्रां’विषयीचा संवादग्रंथ छापला गेला. तेव्हा तो फ्लॉरेन्सजवळ आपल्या घरीच स्थानबद्ध होता. ग्रंथाच्या पहिल्याच दिवसाच्या संवादात साल्व्हियाती एका संगमरवरी खांबाची हकीगत सांगतो. पलंग घेणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी अशी आहे.

१६/ एक मोठा खांब आडवा ठेवला होता. त्याची दोन्ही टोके एकेका लाकडी ओंडक्यावर टेकलेली. खांब मध्येच मोडू नये म्हणून एका कारागिराला मध्यभागी तिसरा ओंडका सरकवण्याची कल्पना सुचली. ती सर्वांना पटली. काही महिन्यांनी पाहतात तो खांब तडकलेला, आणि तोही नेमका नव्या आधाराच्या वर.

१७/ कारण कळले तेव्हा नवल ओसरले. टोकाचा एक ओंडका कुजून खाली बसला होता. मधला मात्र टणक राहिला होता. त्यामुळे खांबाचा अर्धा भाग निराधार लोंबकळत राहिला आणि मधल्या आधारावरच मोडला. मूळचे दोनच आधार असते तर एक खचल्याबरोबर खांबही त्याच्याबरोबर खाली गेला असता आणि बचावला असता. त्याच दगडाच्या लहान खांबाला असा अपघात झालाच नसता, हेही साल्व्हियाती नमूद करतो.

१८/ या हकिगतीतला धडा बारीक आहे. मधला आधार वाईट असतो असे गॅलिलिओ म्हणत नाही. तीन आधार घेतले की ते तिन्ही एका पातळीत राहणे अनिवार्य होते, आणि ही पातळी काळाच्या ओघात बिघडू शकते. मधला पाय कडांपेक्षा उंच झाला तर तिथे उंचवटा येतो आणि वजनाचा भार एकट्या त्याच्यावर पडतो. तो ठेंगणा राहिला तर तो असून नसल्यासारखा. आधार किती आहेत यापेक्षा ते सारखे आहेत का, हे महत्त्वाचे.

१९/ लाकडी पट्टी किती वाकते याचे गणित अठराव्या शतकाच्या मध्यास डॅनियल बर्नोली आणि लेओनहार्ड ऑयलर यांच्या कामातून सिद्ध झाले. त्याचा पलंगापुरता निष्कर्ष थक्क करणारा आहे. दोन टोकांवर टेकलेल्या पट्टीवर दर फुटाला सारखेच वजन असेल आणि तिची लांबी तीन फुटांवरून सहा फूट केली, तर तिचा मध्य दुप्पट नव्हे, १६ पट अधिक वाकतो. हे केवळ जाडीने भरून काढायचे तर पट्टी अडीच पट जाड घ्यावी लागते. उलट मध्ये एक भक्कम आधार दिला की सहा फुटांचे पुन्हा तीन-तीन फूट होतात, आणि जुनीच पट्टी पुरते.

२०/ एकोणिसाव्या शतकात पलंगाचे साहित्य बदलले. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून लोखंडी पलंग बाहेर पडू लागले. लाकडाच्या फटींत ढेकणांना मिळणारा आसरा लोखंडात नव्हता, म्हणून इस्पितळांनी त्यांचे स्वागत केले. दोरांच्या जागी तारांची जाळी आली, गाद्यांत स्प्रिंग आल्या. पण कडेपासून कडेपर्यंत ताणलेली जाळी दोरासारखीच वागते. जुन्या लोखंडी कॉटवर दोघे भाऊ निजले की पहाटेपर्यंत दोघेही मध्ये घरंगळून आलेले असत. त्याला कारण हीच ओढ.

२१/ आज ज्याला ‘किंग साइज’ म्हणतात तो पलंग मात्र अगदी अलीकडचा. अमेरिकेत ५४ इंची डबल बेड रूढ होता, म्हणजे माणशी २७ इंच. तिथल्या तान्ह्या मुलाच्या पाळण्याची आतली रुंदी २८ इंच असते, हे लक्षात घेतले तर ही अडचण कळते. १९५८ मध्ये सिमन्स कंपनीने ‘क्वीन’ आणि ‘किंग’ ही मापे बाजारात आणली. अमेरिकी किंग ७६ इंच रुंद, आणि क्वीन ६० इंच.

२२/ एवढ्या रुंदीबरोबर जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. किंग गादीखालची स्प्रिंगची पेटी अखंड केली तर ती जिन्यातून वर जाईना. म्हणून ती दोन अर्ध्या भागांत होऊ लागली, आणि दोन भागांचा सांधा नेमका पलंगाच्या मध्यावर आला. त्या सांध्याखाली उशापासून पायथ्यापर्यंत जाणारी तुळई आणि तिला जमिनीपर्यंत पोहोचणारे पाय देणे भाग पडले. आज अनेक गादी उत्पादक मोठ्या मापाच्या गादीची हमी देताना असा मधला आधार असण्याची अट घालतात.

२३/ महाराष्ट्रातल्या घरांत आज सर्रास दिसतो तो ‘सहा बाय सव्वासहा’ किंवा ‘सहा बाय साडेसहा’चा पलंग. तो दोन प्रकारांत मिळतो: आडव्या पट्ट्यांचा, किंवा खाली सामान ठेवायचा बॉक्स बेड. बॉक्स बेडमध्ये गादी प्लायवुडच्या फळ्यांवर टेकते आणि मधला उभा पडदा तुळईचे काम करतो. सामानाला मोकळी जागा हवी म्हणून हा पडदाच काढून टाकला, किंवा पातळ ठेवला, तर सहा फुटांचा प्लाय कडांवरच तोलला जातो. चार इंच जास्त सामान ठेवण्यासाठी पाठ गहाण टाकण्याचा हा व्यवहार आहे.

२४/ या इतिहासातून निवडीचे निकष आपोआप निघतात. उशापासून पायथ्यापर्यंत जाणारी मधली तुळई आहे का? तिला जमिनीला टेकणारे पाय आहेत का, की ती नुसती दोन टोकांना स्क्रूने अडकवली आहे? पायांची उंची आट्याने कमी-जास्त करता येते का? घरची फरशी क्वचितच अगदी समतल असते. त्यामुळे दुकानात सपाट दिसणारा पलंग खोलीत आल्यावर मधल्या पायाने अधांतरी राहू शकतो. तो पाय हाताने हलवून पाहावा. सहज हलला तर तो भार घेत नाही.

२५/ पातळी तपासण्याची सुताराची रीत सोपी आहे. गादी काढावी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरा घट्ट ताणावा आणि मध्यावर पट्ट्यांमध्ये व दोऱ्यामध्ये किती अंतर पडते ते पाहावे. मग दोघांनी दोन बाजूंना बसावे आणि पुन्हा मोजावे. पाणसळ असेल तर ती तुळईवर आणि दोन्ही कडांवर ठेवून पाहावी. फोमची गादी असेल तर पट्ट्यांमधली फट तीन इंचांहून जास्त नसावी. नाहीतर गादी फटींत दबते. प्लायच्या दोन फळ्यांचा सांधा तुळईच्या वरच आला पाहिजे, अधांतरी नव्हे.

२६/ ‘पाठीला कडक बिछानाच बरा’ ही समजूत इथे आड येते. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधील ३१३ कंबरदुखीग्रस्तांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर निजणाऱ्यांना अधिक आराम पडला, असे त्यात आढळले. कडकपणा आणि समानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौकट वाकत असेल तर महागडी कडक गादीही तिच्यासोबत वाकते, आणि गादी बदलूनही दुखणे तसेच राहते.

२७/ रुंद पलंगावर सहसा सारख्या वजनाची माणसे निजत नाहीत. नवरा-बायको, आजी आणि नातू, गरोदर स्त्री आणि तिच्या कुशीतले मोठे मूल असा तो संसार असतो. मध्य झुकला की हलका माणूस रात्रभर जड माणसाकडे घसरतो आणि झोपेतही स्वतःला सावरत राहतो. हा त्रास इतका हळूहळू वाढतो की त्याचे खापर वयावर, कामावर, हवेवर फुटते. पलंगाखाली डोकावायचे कोणाला सुचत नाही.

२८/ वराहमिहिराच्या राजाची शय्या पावणेतीन फूट रुंद होती. ग्रीक ग्रंथातला पलंग तीन फूट. आजच्या सहा फुटी पलंगाखाली मधली तुळई घातली की तिच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूटच उरतात. म्हणजे उत्तम रुंद पलंग हा खरे तर एकमेकांना चिकटलेले दोन अरुंद पलंग असतो, आणि मधली तुळई ही त्या दोघांची सामाईक कड. हजारो वर्षे टिकलेले माप त्याने मोडलेले नाही, शेजारी शेजारी दोनदा मांडले आहे. पलंग पसंत करताना नक्षीवरून हात फिरवून झाला की एकदा वाकून खाली पाहावे. ती तिसरी कड तिथे असली पाहिजे, आणि बाकीच्या दोघींच्या पातळीत असली पाहिजे.